तुडतुडे : आधी मोजणी, मग फवारणी

कपाशीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून मुरडू लागल्या की शेतकरी पंप पाठीवर घेतो. त्याची भीती निराधार नाही. तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतात. प्रादुर्भाव वाढल्यास पाने तांबडी होऊन करपतात व झाडाची वाढ खुंटते. तथापि केवळ भीतीपोटी केलेली फवारणी हा त्यावरील इलाज नव्हे.

२००२ साली बीटी कपाशी आली, तेव्हापासून तिला कीड लागत नाही असा समज पसरला. वास्तविक बीटीचा गुण बोंडअळीपुरता आहे. रस शोषणाऱ्या किडींवर तो चालत नाही. म्हणून तुडतुड्यांवर नजर शेतकऱ्यानेच ठेवली पाहिजे.

हे काम अवघड नाही. आठवड्यातून एकदा शेतात निरनिराळ्या ठिकाणची २० झाडे निवडावीत. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले व खालचे असे एकेक पान हलकेच उलटून तिरकी चालणारी हिरवट पिल्ले मोजावीत. ६० पानांवर १२० पिल्ले, म्हणजे पानामागे सरासरी दोन, आढळली तरच कीटकनाशकाचा विचार करावा. संख्या कमी असता ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. अकारण फवारणीने ढालकिडा व क्रायसोपा हे मित्रकीटक मरतात; तेच औषध वारंवार मारल्यास कीड त्याला दाद देत नाही. युरियाचा अतिरेकही टाळावा, कारण लुसलुशीत पिकावर तुडतुडे अधिक येतात.

भेंडी व वांग्यावरही ही कीड येते. ही भाजी लगेच माणसाच्या पोटात जाते. म्हणून डब्यावर सांगितलेले दिवस लोटल्याखेरीज तोडणी करू नये. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ सालापासून बंदी आहे, हे विसरू नये.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेक औषधांचे मिश्रण, डोक्याइतके वाढलेले पीक आणि हातमोजे व मुखपट्टीचा अभाव ही त्यामागील कारणे पुढे आली. फवारणारा बहुधा रोजंदारीचा मजूर असतो. त्याला ही साधने पुरविणे आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू न देणे हे मालकाचे कर्तव्य होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने औषधाचे नाव सांगण्यापूर्वी शेतकऱ्यासह शेतात जाऊन पाने उलटावीत. मोजणीमुळे टळलेली प्रत्येक फवारणी पैसा वाचविते, आणि प्रसंगी माणूसही.