घरातल्या सुयांचे करायचे काय?

इन्सुलिनचे इंजेक्शन आज घरोघरी घेतले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यातले सगळे इन्सुलिन घेत नाहीत. पण जे घेतात त्यातले अनेक जण दिवसातून दोन ते चार वेळा टोचून घेतात. साखर तपासताना बोटाला टोचायची सुई निराळीच. दिवसाला एकच सुई धरली, तरी एका घरातून वर्षाला ३६५ सुया बाहेर पडतात. त्या जातात कुठे, हा प्रश्न आरोग्याचा आहे, केवळ स्वच्छतेचा नाही.

हीच सुई रुग्णालयात वापरली तर तिची वाट ठरलेली असते. ती जागेवरच कटरने तोडली जाते किंवा भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकली जाते. तो डबा स्वतंत्र गाडीने प्रक्रिया केंद्रात जातो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम तसे बंधन घालतात. घरी मात्र तीच सुई भाजीच्या देठांबरोबर घंटागाडीत पडते.

याचा अर्थ घरासाठी नियम नाही, असा नव्हे. २०१६ च्याच घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला आणि सुका यांच्याबरोबर 'घरगुती घातक कचरा' हा तिसरा प्रकार सांगितला. वापरलेल्या सुया, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटरी, सीएफएल दिवे, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सगळे त्यात आले. हा कचरा स्वीकारण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र उभारावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, अशी जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. आपल्या शहरातल्या अशा केंद्राचा पत्ता किती नागरिकांना सांगता येईल?

या उणिवेची किंमत मोजतो तो कचरा वेचणारा. बाधित रक्ताची सुई खोल टोचली गेल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस-बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत असतो. हिपॅटायटिस-सीचा सुमारे २ ते ३ टक्के, तर एचआयव्हीचा ०.३ टक्का. हे आकडे रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या अनुभवातून आलेले आहेत. इन्सुलिनची सुई बारीक असते आणि कचऱ्यात पडून वेळ गेलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष धोका याहून कमी असतो. पण परिचारिकेला सुई टोचली तर ती कोणत्या रुग्णाची हे कळते, रक्त तपासले जाते, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करता येतात. कचरा वेचणाऱ्या बाईला सुई कोणाची हेच ठाऊक नसते. ती बोटाला चिंधी बांधते आणि पुढची पिशवी उघडते.

काळजी घेणारी कुटुंबे सुया पाण्याच्या रिकाम्या बाटलीत साठवतात. हेतू चांगला, पण निवड चुकीची. ती बाटली भंगारात विकली जाते, म्हणून वेचणारा नेमकी तीच उचलतो, उघडतो आणि रिकामी करतो. त्याऐवजी फरशी पुसण्याच्या द्रवाचा किंवा डिटर्जंटचा जाड, अपारदर्शक डबा घ्यावा. पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यावर लाल रंगात 'सुया – उघडू नका' असे लिहावे. टोचून झाल्यावर सुईला पुन्हा टोपण लावण्याच्या खटपटीत स्वतःलाच इजा होते. सुई थेट डब्यात टाकावी.

औषधांचा प्रश्न वेगळा. उरलेले अँटिबायोटिक बेसिनमध्ये ओतले की संपले, असे नाही. सांडपाणी प्रकल्प औषधे गाळून काढण्यासाठी बांधलेले नसतात, आणि पाण्यात उतरलेली अँटिबायोटिक्स जंतूंना दाद न देण्याची सवय लावतात. शरीरात गेलेले औषध पुढे काय करू शकते, हे गिधाडांनी दाखवले आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांची कलेवरे खाऊन ती मेली, आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. काही मोजकी गुंगीची आणि तीव्र वेदनाशामक औषधे घरात ठेवणेच अधिक धोक्याचे असते, त्यांच्याबाबत डॉक्टरांना विचारावे. बाकीची परत घेणारी व्यवस्था हवी. तोवर औषधे मोजकीच घ्यावीत आणि पट्टी कापून देताना मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा.

बटण सेलही हलक्यात घेऊ नयेत. लहान मुलाने गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजणूक होऊ शकते. वापरलेल्या सेलला चिकटपट्टी गुंडाळून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. थर्मामीटर फुटले तर खिडक्या उघडाव्यात, झाडू फिरवू नये. पाऱ्याचे थेंब जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत.

यातल्या प्रत्येक वस्तूचा पुनर्वापर होतो, असा समज नको. बॅटरीतील धातू परत मिळवता येतात, आणि २०२२ च्या नियमांनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. सुई किंवा मुदतबाह्य गोळीच्या बाबतीत उद्दिष्ट एकच: ती कोणाच्या हाताला लागू नये आणि पाण्यात मिसळू नये.

ही कामे अशक्य नाहीत. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी नोंदणी करून स्वतंत्र संकलन सुरू केले. छोट्या शहरांना याहून सोपा मार्ग आहे. पालिकेच्या दवाखान्यात जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येतेच. तिथेच नागरिकांसाठी एक कुलूपबंद डबा ठेवावा आणि त्याचा खर्च पालिकेने उचलावा. औषध दुकानदार जादा खर्चाची तक्रार करतात, ती रास्त आहे. म्हणूनच हा भार एकट्या दुकानावर न टाकता सुया आणि औषधे बनवणाऱ्या कंपन्यांनाही त्यात ओढले पाहिजे. बॅटरीच्या उत्पादकाला जो न्याय, तो त्यांना का नको?

केंद्र उभे राहीपर्यंत घरातला तो लाल अक्षरांचा डबा घंटागाडीवर गुपचूप टाकू नये. कर्मचाऱ्याच्या हाती वेगळा द्यावा आणि आत काय आहे ते सांगावे. आणि प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला आपल्या भागातले केंद्र कुठे आहे, हे लेखी विचारावे. नियम १० वर्षे कागदावर राहिला, कारण हा प्रश्न फारसा कोणी विचारलाच नाही.