बसायला मनाई असलेली बैठक

देवास गेटजवळच्या एका घराने या आठवड्यात नवा पोर्च काढला. घर म्हणायचं आपलं. ते आता होमस्टे आहे. 2022 च्या ऑक्टोबरात महाकाल लोक उघडल्यापासून उज्जैनात ज्याच्याकडे दोन जादा खोल्या आणि एक गीझर आहे, तो हॉटेलवाला. पोर्चमध्ये वेताचा आव आणणारा प्लॅस्टिकचा सोफा, काचेचं टीपॉय आणि अंड्याच्या आकाराचा झुला. झुल्याला साखळी, साखळीला कुलूप. पूर्वी इथे कोटा फरशीचा ओटला होता. बसस्टँडवर उतरलेला कुणीही गाठोडं टेकून त्यावर घटकाभर पाय मोकळे करायचा. तो फोडला. उरलेल्या पायरीवर पाटी आली: ‘कृपया यहाँ न बैठें’.

पायरी अर्थातच काळ्या ग्रॅनाइटची. या दगडावर पुन्हा लिहू नका, असं दोघा वाचकांनी बजावलं होतं, पण मी काय करू? मे महिन्यात त्याचा तवा होतो, पहिल्या पावसात त्यावरून पाय सटकतो, तरी प्रत्येक गवंडी तोच सुचवतो. यात कमिशन असणार. पुरावा माझ्याकडे नाही. संशय मात्र पक्का आहे.

असा सोफा दिसला की मला गोव्यातला बलकांव आठवतो. सासष्टीतल्या जुन्या घरांपुढे बघा. रस्त्यावरून चार-पाच पायऱ्या चढायच्या, की दोन्ही अंगांना चिऱ्यात बांधून काढलेले सोपे, समोरासमोर, आणि वर खांबांनी पेललेलं कौलारू छप्पर. बांधलेलेच असल्यामुळे ते कुणी हलवत नाही आणि साखळीही लागत नाही. दोन सोप्यांमधलं अंतर असं की गुडघ्याला गुडघा लागत नाही आणि आवाजही चढवावा लागत नाही. एकीकडे घरधनी, दुसरीकडे आलेला माणूस, आणि रस्त्याने जाणाऱ्याला बसल्या जागेवरून हाक. गप्पांसाठी याहून चांगली बैठक मी पाहिलेली नाही. खोट एकच: त्या पायऱ्या चढायला ओळख लागते. अनोळखी माणूस तिथे जाऊन टेकत नाही.

आमच्या ओटल्याचं नेमकं उलट. तो भिंतीला लागून, गल्लीला समांतर. बसणारे सगळे एका रांगेत, तोंडं रस्त्याकडे. शेजाऱ्याशी बोलायचं तर मान वळवावी लागते, म्हणून गप्पा कमी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे जास्त. उज्जैनी जिभेचं सारं शिक्षण इथलंच. पण ओटल्याला परवानगी लागत नाही. श्रावणातल्या सोमवारी महाकालची सवारी निघते, तेव्हा ढाबा रोडपासून पटनी बाजारापर्यंत आपल्या ओटल्यावर कोण बसलंय हे घरमालकाला माहीत नसतं आणि तो विचारतही नाही. वर आतून पाण्याचा लोटा येतो.

आता या नव्या पोर्चला कुठे बसवायचं? सोफ्याचं तोंड उभ्या केलेल्या गाडीकडे, पाठ गल्लीकडे, मध्ये लोखंडी जाळी. म्हणजे गप्पाही नाहीत आणि शेरेही नाहीत. बैठक इतकी खोल, की साठी उलटलेल्या माणसाला उठायला दुसऱ्याचा हात लागावा.

खरी गोम उंचीत आहे, आणि ती कुणी मोजत नाही. ओटला साधारण 17 इंच असावा, गुडघा काटकोनात येईल इतका. पण रस्ता दर वेळी जुना न उखडता वरच्यावर थर चढवून करतात. गुडघ्याएवढा ओटला घोट्याएवढा होतो, मग त्यावर पावसाचं पाणी येतं, मग मालक म्हणतो, ‘कशाला ठेवायचा?’ 2023 मध्ये के.डी. गेटच्या रुंदीकरणात घरांचे पुढचे भाग गेले तेव्हा गावभर ओरड झाली. थराथराने बुडालेल्या ओटल्यांसाठी अजून कुणी ओरडलेलं नाही. 2028 चा सिंहस्थ जवळ येतोय, म्हणजे थर आणखी चढणार. चार इंच जास्तीचे आजच धरा.

उन्हाचंही तेच. कर्कवृत्त आमच्या उंबऱ्याशी. जूनच्या दुपारी सूर्य थेट डोक्यावर, तेव्हा साधं छप्पर पुरतं. छळतं ते पश्चिमेचं तिरपं ऊन, आणि तेही बसायच्या वेळी. तिथे बांबूची चिक हवी. दक्षिणेकडचं तोंड उत्तम: उन्हाळ्यात सावली, थंडीत मांडीवर ऊन. सवाई जयसिंगाने सूर्याची चाल मोजायला याच गावात वेधशाळा बांधली; आम्ही पोर्च बांधतो तो गाडीची लांबी मोजून.

ज्यांची घरं पुढून नव्याने बांधायची आहेत, त्यांनी दोन्हीकडचं घ्यावं. बैठक काटकोनात बांधा. एक बाजू गल्लीला लागून, जाळीबाहेर, कुणालाही खुली. दुसरी आत वळलेली, म्हणजे दोघांना एकमेकांचं तोंड दिसेल. खोली 20 इंच, एका टोकाला 30, मांडी घालणाऱ्यांसाठी. वर कोटा फरशी, कड गोल घासलेली.

गाद्या कुठल्या घ्यायच्या, असं विचारणाऱ्या वाचकांसाठी: सतरंजी पुरते. संध्याकाळी घालायची, रात्री आठवणीने उचलायची. शेवटी हे देवास गेट आहे. राहिली, तर पहाटेच्या पहिल्या बसने ती कुठल्या गावाला गेली हे कंडक्टरही सांगणार नाही.

– गल्लीकर