घरसंसार : गिनीचे पदक

दिल्लीला पहाडगंजात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या पेटीत आजीच्या वेळचे गिनीचे पदक असते. अडीअडचणीला ते विकावयाचे झाल्यास घाई करू नये. न झिजलेली गिनी ७.९८ ग्रॅम वजनाची व २२ कॅरटची असते. कडी आणि डाख मात्र हलक्या कसाची असू शकतात. सबंध पदकाला एकच हलका कस लावल्यास गिनीचे सोने स्वस्तात जाते. म्हणून एकूण वजनातून गिनीचे वजन वजा करून दोहोंचा भाव वेगळा मांडून घ्यावा. विकत घेतानाही कडीला गिनीचा भाव देऊ नये. गरज तात्पुरती असल्यास बँकेकडे तारणाची चौकशी करावी; मुशीत गेलेले पदक परत येत नाही.