सामायिक काय आणि भाड्याचे काय?



सार्वजनिक वादात कोणाची बाजू वरचढ ठरणार, हे पुष्कळदा त्या वादातील नावांवरून ठरते. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने मतांच्या आधी शब्द तपासावेत. शहरांतील ‘सामायिक’ विजेच्या स्कूटरींचा वाद त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

येथे स्कूटर म्हणजे आपल्याकडील बसून चालवायची दुचाकी नव्हे. दोन लहान चाके, मध्ये फळी आणि पुढे उभा दांडा असलेले हे वाहन उभ्याने चालवायचे असते. मोबाइलवरून ते सुरू करायचे, मिनिटांच्या हिशेबाने भाडे द्यायचे आणि काम झाले की तेथेच सोडून निघायचे. पॅरिसमध्ये २०१८ साली ही वाहने आली आणि लवकरच पदपथांवर आडवीतिडवी पडलेली दिसू लागली. २०१९ मध्ये फ्रान्सने पदपथावरून ती चालवण्यास मनाई केली व १३५ युरो दंड ठेवला. पुढे पॅरिसने तीन कंपन्या आणि १५,००० स्कूटरी अशी मर्यादा घातली, वेगावर बंधन आणले, उभ्या करण्याच्या जागा आखून दिल्या. तरीही वाद शमला नाही. २ एप्रिल २०२३ रोजी सार्वमत झाले. सुमारे ८९ टक्के मते विरोधात गेली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटरी बंद झाल्या. स्वतःच्या मालकीच्या स्कूटरींवर मात्र ही बंदी नव्हती.

समर्थकांचे म्हणणे पोकळ नाही. या वाहनाला धूर नाही, ते मोटारीपेक्षा फार कमी जागा घेते, आणि स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर त्याने सहज कापता येते. मतदान आठ टक्क्यांहूनही कमी झाले, हा त्यांचा आक्षेपही दुर्लक्षिता येत नाही. माझा आक्षेप वाहनाला नाही. तो ‘सामायिक’ या विशेषणाला आहे.

मराठीत आपण सामायिक विहीर म्हणतो, सामायिक बांध म्हणतो, सामायिक भिंत म्हणतो. सामायिक विहिरीत प्रत्येकाचा हिस्सा असतो, पाण्याची पाळी असते आणि गाळ काढण्याची जबाबदारीही असते. कंपनीच्या स्कूटरीत वापरणाऱ्याचा हिस्सा कोणता? मालकी कंपनीची, नफा कंपनीचा. वापरणारा केवळ भाडेकरू. या व्यवहारात खरोखर सामायिक असलेली वस्तू एकच आहे, ती म्हणजे पदपथ. पांढऱ्या काठीने वाट चाचपणारी अंध व्यक्ती, चाकाच्या खुर्चीवरून जाणारा अपंग, गुडघेदुखीने बेजार झालेली आजी यांचा त्यावर समान हक्क आहे. आडव्या पडलेल्या स्कूटरीची किंमत मोजतात ती हीच माणसे, आणि भाड्याच्या पावतीत त्यांचा उल्लेखही नसतो.

फ्रेंच भाषेत पदपथाला ‘त्रोत्वार’ आणि या स्कूटरला ‘त्रोतिनेत’ म्हणतात. दोन्ही शब्द दुडक्या चालीने जाणे या अर्थाच्या एकाच क्रियापदाच्या कुळातले. शब्द एका कुळातले असले, तरी रस्त्यावर त्यांचे जमले नाही. आपला ‘पदपथ’ तर अधिक स्पष्ट आहे: पायांसाठीचा पथ. चाकांना त्या समासात जागाच नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देता येणार नाही. पुण्यात २०१७ च्या अखेरीस ‘सार्वजनिक’ सायकलींची योजना आली. सायकली कंपन्यांच्या होत्या. सार्वजनिक होती ती त्या उभ्या करण्याची जागा. आपल्या पदपथांवर आधीच दुचाकी, फलक आणि खोदकामाचे ढिगारे आहेत. त्यात नवी भर घालताना साधा नियम असावा: भाड्याच्या वाहनाने आपली जागा रस्त्याच्या कडेला, मोटारींच्या वाट्यातून घ्यावी आणि तिचे मोल द्यावे. पादचाऱ्याच्या वाट्याला हात लावू नये.

यापुढे ‘सामायिक’, ‘सार्वजनिक’, ‘मुक्त’ अशी विशेषणे वाचाल, तेव्हा एवढेच विचारा: वस्तू कोणाची, जागा कोणाची, आणि वाट कोणाची अडते? भाषेच्या अभ्यासाचा नागरिकाला होणारा उपयोग या प्रश्नांपासून सुरू होतो.