भरणा की मरणा?

मंडळी, गेल्या आठवड्यात आईला घेऊन एका कार्यालयात बिल भरायला गेलो होतो. आई पंचाहत्तरीची, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दारातूनच म्हणाली, "अरे, इथे मरणा केंद्र का लिहिलंय?" मी हसलो. मग पाटी पाहिली आणि गप्प बसलो. होतं 'भरणा केंद्र'च, पण जाड, चौकोनी, दाबून बसवलेल्या अक्षरांत 'भ'च्या डोक्यावरची वळी आणि शिरोरेषेतली फट बुजून गेली होती.

हल्ली ही ठोकळेबाज अक्षरं सगळीकडे दिसतात. पट्टी-कंपासने आखल्यासारखी, एकाच जाडीची. 'मॉडर्न' दिसतात ना! अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४चा 'राजधानी' फॉन्ट याच वळणाचा आणि फुकट मिळणारा. फॉन्ट वाईट नाही बरं का. कबड्डीच्या पोस्टरवर, बातमीच्या मथळ्यावर झकास दिसतो. पण रोमन अक्षरं चौकोनात कोंबली तरी बरीचशी ओळखू येतात, आपली येत नाहीत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक एवढ्याशा वळीत, गाठीत, फटीत असतो. तीच सपाट केली की उरतं काय?

जर्मन लोक तांत्रिक अक्षरांचे बाप. त्यांनी गाड्यांच्या नंबरप्लेटसाठी मुद्दाम असं वळण घडवलं की 'पी'ला रंग फासून 'आर' करता येऊ नये. दिसायला बेढब, पण प्रत्येक अक्षर वेगळं. आपण मात्र फक्त दिसणं उचललं.

आता आपल्याकडचं बघा. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, हे ठरलं. चांगलंच झालं. पण ते वाचता आलं पाहिजे, याबद्दल कोण बोललं? शासनाच्याच २००९च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा असं आहे. किती सरकारी पाट्यांवर दिसतो? अनेक फॉन्टांत मराठी वळण आत असतं, फाइलची भाषा 'मराठी' निवडली की बाहेर येतं. ते एक बटण दाबायला फ्लेक्सवाल्याला वेळ नाही आणि साहेबाला फिकीर नाही. (आमचा जुना पेंटर चपट्या ब्रशने पाकळीचा ल काढायचा, त्याला कुणी जीआर दाखवला नव्हता.)

पैशाचा प्रश्नही नाही. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' फुकट आहे आणि स्वच्छ वाचता येतो.

माझं मागणं साधं आहे. दवाखाना, बसथांबा, वॉर्ड ऑफिस, कुठलीही सार्वजनिक पाटी टांगण्याआधी तीस फुटांवरून एखाद्या साठीपुढच्या माणसाकडून वाचून घ्या. त्याला वाचता आली नाही तर बिल पास करू नका. सोमवारी वॉर्ड ऑफिसात अर्ज देतोय, फोटोसकट. तुमच्या भागातल्या अशा पाट्यांचे फोटो कमेंटमध्ये टाका, तेही जोडतो.