पिशवीतले लाल चेंडू आणि गेलेले एक लाख ऐंशी हजार

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी.एस्सी.ला माझ्याकडे होता, प्रोबॅबिलिटीच्या पेपरात वर्गात पहिला. आता नोकरी करतो. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "सर, ऑप्शन्समध्ये एक लाख ऐंशी हजार गेले. घरी सांगितलं नाहीये अजून."

मी विचारलं, अरे थांबला का नाहीस?

"सलग सात वेळा लॉस झाला होता सर. आठव्यांदा तरी फिरायलाच पाहिजे होतं ना."

खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही, स्वतःचा आला. इंडिपेंडंट इव्हेंट्सची व्याख्या या पोराने पेपरात शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती आणि पूर्ण मार्क मीच दिले होते. बाजार म्हणजे काही नाणं नव्हे, मान्य. पण सात वेळा बुडालो म्हणून आठव्यांदा बाजार आपलं देणं लागतो, असा हिशेब कुठल्याच बाजारात नसतो. आणि हा एकटा नाही. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर.

आता आम्ही कॉलेजात काय शिकवतो ते ऐका. एका पिशवीत ५ लाल आणि ४ निळे चेंडू आहेत, दोन काढले, दोन्ही लाल असण्याची शक्यता किती? पुढच्या वर्षी ६ लाल आणि ३ निळे. त्याच्या पुढच्या वर्षी चेंडूंच्या गोट्या होतात. पोरं गेल्या पाच वर्षांचे पेपर सोडवतात, बाजारातलं गाईड आणतात, बेजचं सूत्र पाठ करतात आणि पास होतात. कोण म्हणतं पोरं हुशार नाहीत? पेपर जेवढं मागतो तेवढं ती देतात.

मी दरवर्षी पहिल्या तासाला एक उद्योग करतो. अर्ध्या वर्गाने खरं नाणं शंभरदा उडवून छापा-काटा लिहायचा, उरलेल्यांनी नाणं न उडवता मनानेच शंभर लिहायचे. मी बाहेर थांबतो. आत येऊन कागद बघतो आणि खोटे कोणते ते बहुतेक वेळा बरोबर सांगतो. पोरांना वाटतं सरांना जादू येते. जादू कसली! मनाने लिहिणारा सलग पाच छापे लिहायला घाबरतो, त्याला ते खोटं वाटतं. खऱ्या शंभर टॉसमध्ये मात्र सलग पाच छापे किंवा सलग पाच काटे कुठेतरी येण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्याही वर असते. माझा तो विद्यार्थी नेमका त्या वर्षी होता, ज्या वर्षी 'पोर्शन मागे पडतोय' म्हणून मी हा तास घेतला नाही.

आणि हे फक्त आपल्याकडच्या पोरांचं होतं असं समजू नका. १९७८ मध्ये हार्वर्डच्या इस्पितळांतले ६० डॉक्टर आणि विद्यार्थी यांना एक प्रश्न विचारला गेला. आजार हजारात एकाला, टेस्ट निरोगी माणसालाही ५ टक्के वेळा पॉझिटिव्ह दाखवते. मग पॉझिटिव्ह आलेला माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता किती? सगळ्यात जास्त जणांनी सांगितलं, ९५ टक्के. बरोबर उत्तर दिलं फक्त ११ जणांनी. हजार माणसं डोळ्यांसमोर उभी करा. आजारी एक. उरलेल्या ९९९ पैकी साधारण ५० जणांची टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह. म्हणजे ५१ पॉझिटिव्हमध्ये खरा आजारी एक. जेमतेम दोन टक्के! सूत्र नाही, कॅल्क्युलेटर नाही, माझ्या आईलाही कळलं. 'आजारी असताना पॉझिटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह असताना आजारी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मराठीत सांगितलं की पोरांना लगेच कळतं. इंग्रजी पुस्तकातली उभी रेघ बघून मात्र घाम फुटतो. तरी मराठीत समजावलं की वरून विचारणा होते, 'मीडियम' काय आहे आपलं?

काही जण म्हणतील, आता सगळं कॉम्प्युटर करतो, कशाला एवढं? अहो, कॉम्प्युटर उत्तर काढेल. प्रश्न कोणता विचारायचा हे कोण ठरवणार?

एसटी स्टँडवरून येताना होर्डिंग बघतो. जिथे तिथे 'एआय अँड डेटा सायन्स', हसरी पोरं, फीचा आकडा बारीक अक्षरात. या दोन्हींचा पाया प्रोबॅबिलिटी. तो पाया घालायला कोण आहे? माझ्यासारखे तासिका तत्त्वावरचे. नेट होऊन दहा वर्षं झाली, पगार तासावर, तोही कित्येक महिने उशिरा, उन्हाळ्यात शून्य. एका टर्ममध्ये दोन-तीन कॉलेजं धरल्याशिवाय घर चालत नाही. नाणी उडवायला वेळ कुठून आणू? ज्या संस्थेकडे चौकात होर्डिंग लावायला पैसे आहेत, तिच्याकडे पूर्णवेळ शिक्षकासाठी नाहीत, हे मला कुणीतरी समजावून सांगा. आणि सरकार पदं भरत नाही म्हणून संस्था हात वर करते, संस्थेकडे बोट दाखवून सरकार. मधे पोरं.

माझी मागणी फार मोठी नाही. पदं भरा, ती तर जुनीच. पण ज्याला एक रुपयाही लागत नाही असं एक करा. प्रोबॅबिलिटीच्या प्रत्येक पेपरात एक सक्तीचा प्रश्न असा ठेवा, ज्यात आकडेमोड नाही. एखादी जाहिरात द्या, एखादा रिपोर्ट द्या, आणि विचारा, यात कुठे फसवलंय ते तुमच्या शब्दांत लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल. गाईडवाल्यांना एक वर्ष तरी झोप येणार नाही.

तोवर माझ्यापुरतं ठरवलंय. येत्या रविवारपासून सकाळी नऊ ते अकरा, माझ्या घरी, गच्चीवर. फी नाही. कुठल्याही कॉलेजचा, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी चालेल, पालक आले तरी चालेल. येताना एक रुपयाचं नाणं आणि वही आणा. तो विद्यार्थीही येणार आहे, स्वतःच्या सात ट्रेडचा हिशेब घेऊन. तो फळ्यावर मांडायला त्यानेच परवानगी दिलीये.