पाहुणा आणि प्रेक्षक

सुट्टी जवळ आली की घरोघर प्रवासाचे बेत निघू लागतात. कोणी पचमढीस जातो, कोणी समुद्र पाहावयास मुंबईस जातो, आणि ज्यांस परवडते ते हल्ली थेट जपानपर्यंतही जाऊन येतात. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु प्रवास करणे निराळे आणि प्रदेश पाहणे निराळे, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

जपानात किसो नावाचे एक डोंगरी खोरे आहे. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो या शहरांना जोडणारा नाकासेन्दो हा जुना राजमार्ग त्या खोऱ्यातून जात असे. त्यावर मुक्कामाची ६९ गावे होती. पुढे आगगाडी आली, वाहतूक दुसरीकडे वळली आणि त्यांपैकी त्सुमागो हे गाव ओस पडू लागले. तेथील रहिवाशांनी जुनी लाकडी घरे पाडण्याऐवजी १९७१ साली ठराव केला की, घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही आणि मोडावयाचे नाही. १९७६ साली सरकारनेही त्या वस्तीस संरक्षण दिले. आज मागोमे ते त्सुमागो ही सुमारे ८ किलोमीटरांची वाट देशोदेशींचे लोक पायी चालतात. अस्वलांना सावध करण्यासाठी वाटेवर घंटा टांगलेल्या आहेत. जाणारा-येणारा त्या वाजवून पुढे जातो. तेथे जाणाऱ्याने सकाळी लवकर निघावे, पायांत मजबूत जोडा घालावा, घरात शिरताना तो बाहेर काढावा, आपला कचरा आपणच परत न्यावा आणि लोकांच्या राहत्या घरांत डोकावू नये, एवढीच अपेक्षा असते.

यांत जपानी असे काय आहे? जोडा उंबरठ्याबाहेर काढावा, परक्याच्या घरात डोकावू नये, हे तर आमच्या आजीनेच आम्हांस शिकविले. मात्र घराबाहेर पडताच आपण ती शिकवण विसरतो, आणि पाहुण्याचा प्रेक्षक होतो. पाहुणा विचारून आत येतो. प्रेक्षकाला वाटते की, समोरचे सारे आपल्यासाठीच मांडले आहे.

आता आपल्याच भागाकडे पाहू. उद्या कोणी परगावचा मनुष्य मोहगावास आला, तर त्यास आम्ही काय सांगू? पहिली गोष्ट ऋतूची. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास यावे. तेव्हा नाल्यांचे पाणी उतरलेले असते, ऊन सोसवते आणि आंबिया बहाराची संत्री झाडावर पिवळी होत असतात. वैशाखात दुपारी हिंडण्याचे धाडस करू नये. दुसरी गोष्ट मार्गाची. पांढुर्णा नागपूर–इटारसी लोहमार्गावर आहे. सौंसर नागपूरहून छिंदवाड्यास जाणाऱ्या रस्त्यावर लागते. तिसरी भाषेची. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला व आमचा भाग मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारदरबारी हिंदी चालते, पण चुलीपाशी आणि बांधावर मराठी ऐकू येते. येथील बोली ऐकून हसू नये. बागेतील संत्रे हवे असल्यास मालकास विचारावे. बहुधा तो पैसे घेणारही नाही. न विचारता तोडलेले फळ मात्र चोरीचेच.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मोहगावी अर्धनारीश्वराचे मंदिर आहे. जामसावळीस पिंपळाखाली पहुडलेला मारुती आहे. शांतपणे दर्शन घ्यावयाचे तर शनिवार-मंगळवारची गर्दी टाळावी. छिंदवाड्याच्या दक्षिणेस डोंगरात गोंड राजांचा देवगड किल्ला आहे. ज्या बख्त बुलंदाने नागपूर वसविले, तो याच देवगडचा राजा. किल्ला चढताना पाणी बरोबर घ्यावे आणि भिंतीवर आपले नाव कोरण्याचा मोह आवरावा. तेथे राज्य केलेल्या राजांचीही नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत. आपले कोण वाचणार?

त्याहून पुढे तामियाजवळ पाताळकोट आहे. १२०० ते १५०० फूट खोल दरीत १२ गावे वसली आहेत, आणि त्यांत भारिया व गोंड लोक राहतात. तेथे जाणारे कित्येक जण वरून दरीचे आणि खाली माणसांचे फोटो काढून परततात. आपल्या अंगणात कोणी अनोळखी मनुष्य शिरला आणि चूल फुंकणाऱ्या आईचा फोटो काढू लागला, तर आपल्यास कसे वाटेल? म्हणून आधी बोलावे, विचारावे, आणि नकार मिळाल्यास मुकाट्याने फिरावे. स्थानिक वाटाड्या घ्यावा व त्यास पुरती मजुरी द्यावी.

आता एक अवघड गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीत गोटमार होते. नदीत पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही तीरांवरून दगड सुटतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. कोणी म्हणेल, ही परंपरा आहे, बाहेरच्याने बोलू नये. पण आम्ही बाहेरचे नाही. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडताना दगडांखाली मेली, अशी तिची कथा सांगतात. त्या दोघांचे स्मरण करावयाचे, तर दगड मारणाऱ्यांचे अनुकरण कशासाठी? झाड रोवावे, पूजा करावी, दोन्ही गावांनी भेटावे. दगड तेवढा खाली ठेवावा. आणि तो खाली पडेपर्यंत पाहुण्यांस आमची विनंती आहे की, आदल्या दिवशी या, सजविलेले बैल पाहा, पुरणपोळी खाऊन जा. तीरावर जमलेल्या प्रत्येक बघ्यामुळे दगड मारणाऱ्याचा हुरूप वाढतो. हे आम्हां स्थानिकांसही तितकेच लागू आहे.

विद्यार्थिमित्रांनो, त्सुमागोच्या लोकांनी आपले गाव आधी स्वतः ओळखले, मग जगाने ते पाहिले. आपल्या गावाचे नाव मोहगाव का पडले, जुनी विहीर कोणी बांधली, हे पाहुण्याने विचारल्यास आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? या सुट्टीत प्रत्येकाने घरातील वा शेजारच्या एका वृद्ध माणसापाशी बसावे, गावाची एक गोष्ट विचारावी आणि ती वहीत उतरवून ठेवावी. दूरचा प्रवास पुढे घडेलच. तोवर आपल्याच गावात एक दिवस पाहुणे होऊन पाहू.